डाऊन सिंड्रोम आणि ब्रेस्ट कॅन्सर: 'होत नाही' म्हणून मोकळं व्हायचं?

सुरेखा_बावडा: काल 'अभ्यासू_पेठकर' यांनी टाकलंय की डाऊन सिंड्रोमच्या बायकांना ब्रेस्ट कॅन्सर होत नाही, एपिजेनेटिक्सच (जनुकं चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा) तो दाबून धरतं, पालकांनी मॅमोग्राफीवर (स्तनाच्या एक्स-रेवर) पैसे घालवू नयेत. माझी बहीण 46 वर्षांची आहे, म्हणून बोलते. कमी होतो, मान्य. पण तिला गाठ लागली तर ती सांगणार आहे का? दाढ किडली तेव्हा आठवडाभर नुसती जेवणाचं ताट ढकलत होती. आणि 1983 च्या सुमारास अमेरिकेतसुद्धा ही माणसं सरासरी पंचविशीतच जायची. कॅन्सरच्या वयाला पोचत होतं कोण?

अभ्यासू_पेठकर: ताई, इतर लोकांवरून किती कॅन्सर अपेक्षित होते तो आकडा वय धरूनच काढतात आणि त्याच्याशी तुलना करतात. डेन्मार्कच्या 2000 सालच्या अभ्यासात डाऊन सिंड्रोमची 2,800 च्या वर माणसं होती, ब्रेस्ट कॅन्सर एकालाही नाही. मूल न झालेल्या बायकांत हा धोका वाढतो. इथं बहुतेकींना मूल नाही, तरी कमी. डाऊन सिंड्रोममध्ये असते ती 21 व्या गुणसूत्राची जादा प्रत एंडोस्टॅटिन हे प्रथिन वाढवते, त्यामुळं गाठीला रक्तवाहिन्या फुटत नाहीत असं मानतात.

लॅबवाला_शाहूपुरी: भावा, एंडोस्टॅटिन हा जनुकाच्या तिसऱ्या प्रतीचा परिणाम. त्यात एपिजेनेटिक्स कुठं आलं? डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा (त्याच एपिजेनेटिक खुणा) बदललेल्या असतात हे खरं, पण त्यांच्यामुळंच स्तनाचा कॅन्सर टळतो हे सिद्ध झालेलं नाही. उलट 2015 मध्ये त्याच खुणांवरून शरीराचं वय मोजलं, तर ते खऱ्या वयापेक्षा सरासरी साडेसहा वर्षांनी जास्त निघालं. आणि ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर? तो यांच्यात कितीतरी जास्त. तो का नाही दाबला?

संस्कारी_मंगळवारपेठ: एपिजेनेटिक्स म्हणजे आपले गर्भसंस्कारच की! आईचं खाणं, विचार शुद्ध असले तर अशी मुलं जन्मालाच येत नाहीत.

आक्का_कसबा: तोंड सांभाळून बोला. ग्रहणात विळी धरलीस म्हणून असं पोर झालं, हे सासूकडनं जन्मभर ऐकलंय. आता तुम्ही तेच विज्ञानाचं नाव लावून सांगताय होय?

संस्कारी_मंगळवारपेठ: मी तुम्हाला कुठं बोललो? पण ग्रहण पाळण्यात तोटा काय?

लॅबवाला_शाहूपुरी: तोटा आक्कांनी सांगितला की. बहुतेक वेळा जादा गुणसूत्राची चूक स्त्रीबीज तयार होतानाच्या विभागणीत होते. ती विभागणी सुरू होते आई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना. आता आजीचं ग्रहण काढा!

संस्कारी_मंगळवारपेठ: तुमच्यासारख्यांमुळंच संस्कृती बुडाली.

सुरेखा_बावडा: ग्रहण सुटलं असेल तर मुद्द्यावर येऊ का? बहिणीला एका सेंटरवर नेलं होतं. मशीनची पट्टी खाली आली तशी तिनं माझा पदर धरून बोंब ठोकली. बाई म्हणते, "ह्यांना कशाला आणलं?" मशीनपेक्षा ते लागलं.

अभ्यासू_पेठकर: मग मी काय वेगळं सांगत होतो? नको तो छळ. हातानं तपासायला माझी ना कधीच नव्हती. 'होत नाही'च्या जागी 'क्वचित होतो' वाचा. जिंकलात, झालं समाधान?

सुरेखा_बावडा: जिंकायला हे काय कुस्तीचं खासबाग मैदान आहे? ती दुरुस्ती मूळ पोस्टमध्ये करा, लोक तेवढीच पुढं ढकलतायत.

आक्का_कसबा: सुरेखा, हातानं तपासणारी शांत स्वभावाची लेडी डॉक्टर माहिती असली तर मला सांग. आमची पुरुषाला हात लावू देत नाही.