वर्गातल्या चिठ्ठ्या: उघडायच्या की तशाच परत द्यायच्या?

धागाकर्ती (इतिहास, आठवी ते दहावी)

शिक्षकांच्या खोलीत परवा यावरून चांगलाच वाद रंगला, म्हणून इथे विचारते. तास चालू आहे, तिसऱ्या बाकावरून घडी घातलेला कागद मागे सरकतोय. तुम्हाला दिसलंय आणि तुम्हाला दिसलंय हे पोरांनाही कळलंय. आता तुम्ही काय करता?

कॉपीच्या चिठ्ठ्या इथे नकोत, तो परीक्षेचा मामला आणि त्याचे नियम ठरलेले असतात. मला विचारायचंय ते खासगी चिठ्ठ्यांबद्दल. रुसवेफुगवे, टिंगल, प्रेम, 'सुट्टीत भेट', झालंच तर आपली व्यंगचित्रं. शिक्षकांनी लिहाच, पण एकेकाळी चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांनी आणि पालकांनीही लिहा. मुलांची किंवा शाळांची नावं मात्र नकोत.

माझी पद्धत सांगते. शिकवणं न थांबवता त्या बाकापाशी जायचं आणि तळहात पुढे करायचा. कागद आला की न उघडता हजेरीपटात ठेवायचा, अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचं. तास संपला की ज्याच्याकडून घेतला त्याला परत. 'तासाला नको', एवढंच बोलायचं. सहकाऱ्यांना हे फार मवाळ वाटतं. चिठ्ठीत काय आहे याची उत्सुकता मलाही असते बरं का, म्हणूनच हजेरीपट पटकन मिटते.

गणित, सहावी-सातवी

'ज्याच्याकडून घेतला त्याला परत' यात एक मेख आहे ताई. चिठ्ठी सापडते ती बहुतेक वेळा मधल्याकडे. लिहिणारा पुढच्या बाकावर, जिच्यासाठी लिहिली ती मागच्या, आणि सापडतो कोण? तर 'पुढे दे' म्हटल्यावर मुकाट्याने पुढे देणारा. ओरडा त्याला बसतो. त्याने नाही दिली तर मित्र तोडतात, दिली तर बाई रागावतात. म्हणून मी 'कोणाची आहे?' हा प्रश्नच विचारत नाही. भर वर्गात त्याचं खरं उत्तर येत नाही, आलं तर ती चुगली ठरते आणि त्याचा हिशोब पुढे मैदानावर चुकता होतो.

दुसरं म्हणजे चिठ्ठ्या कधी निघतात ते बघा. आपण फळ्याकडे तोंड करून लांबलचक उदाहरण उतरवत असतो तेव्हा. किंवा हुशार चार-पाच जणांचं गणित आधी सुटतं आणि ते नुसते बसून असतात तेव्हा. जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून हेच तपासलं होतं. त्याचे निष्कर्ष 1970 साली प्रसिद्ध झाले. शिस्त बिघडल्यावर शिक्षक काय करतो, यावरून चांगला वर्ग आणि गोंधळाचा वर्ग यांत फारसा फरक सापडला नाही. फरक होता तो आधीच्या गोष्टींत: सगळ्या वर्गावर लक्ष असणं, आणि ते आहे हे मुलांना जाणवणं, तासाचा ओघ न तुटणं. हे वाचल्यापासून मी मोठी उदाहरणं आधीच कागदावर लिहून नेते, वाटते आणि बाकांमधून फिरत बसते. चिठ्ठ्या बंद झाल्या असं नाही, कमी झाल्या.

निवृत्त, भाषा

आमच्या वेळी चिठ्ठी पकडली की मोठ्याने वाचायची, अशी रीतच होती. लिहिणाऱ्यालाच उभं करून वाचायला लावणारेही होते. माझ्या शेजारच्या वर्गात एका शिक्षकांनी अशीच एक चिठ्ठी वाचली. मजकूर अगदी साधा होता, एका मुलीने मैत्रिणीला लिहिलेला, घरी काय चाललंय त्याबद्दल. वर्ग हसला तो मजकुराला नाही, तिच्या ऱ्हस्व-दीर्घाला. सरांनी चुकांसकट, ठसक्यात वाचलं होतं ना. पुढे ती मुलगी निबंधाच्या वहीत जेमतेम चार ओळी लिहायची. मी तिला भाषा शिकवत होते, त्यामुळे त्या वह्या माझ्यापुढे यायच्या.

मोठ्याने वाचण्याचं समर्थन नेहमी एकच असतं, 'पुन्हा करणार नाहीत'. करतात हो. फक्त घडी आणखी बारीक घालतात.

विज्ञान, नववी

मी फाडतो आणि टोपलीत टाकतो. विषय संपला.

माजी विद्यार्थी

सर, नाही संपत. आमच्या वर्गात फाडलेल्या चिठ्ठीचे तुकडे मधल्या सुट्टीत टोपलीतून काढून बाकावर जुळवले जायचे. मूळ चिठ्ठी दोघांपुरती होती, जुळवलेली साऱ्या वर्गाने वाचली. फाडायचीच असेल तर तुकडे खिशात घालून न्या.

विज्ञान, नववी

हे डोक्यात आलं नव्हतं. बरं, नेईन.

शालेय समुपदेशक

न उघडण्याचा नियम मला मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतलं 16 वं कलम मुलाच्या खासगीपणात आणि पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ करू नये असं सांगतं. ते लिहिताना कुणाच्या डोळ्यांपुढे शेवटचा बाक नसेल, पण मला ते तिथेही लागू वाटतं.

तरी काही वेळा चिठ्ठी उघडावी लागते, आणि त्या वेळा वर्गाकडे बघून ओळखता येतात. कागद एकीकडून दुसरीकडे जाण्याऐवजी सगळीकडे फिरतोय, आणि ज्याच्याकडे बघून हसतायत त्याच्या हातात मात्र तो येत नाही, तर ती टिंगल आहे. कागद वाचून कुणाचा चेहरा उतरला, किंवा एखादं मूल स्वतःहून तो आणून देतंय, तर काहीतरी घडलंय. अशा वेळी तासानंतर, एकट्याने, शांतपणे वाचा. त्यात धमकी असेल, स्वतःला इजा करण्याची भाषा असेल किंवा कुणी मोठा माणूस मुलाला त्रास देत असल्याचा इशारा असेल, तर तो कागद हजेरीपटात ठेवून चालत नाही. त्यावर खुणा करू नका, दुमडून पाकिटात घाला, कधी आणि कसा मिळाला ते वेगळ्या कागदावर लिहा. शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे त्याच दिवशी पोचवा. उद्यावर टाकू नका. मुलाला 'कुणालाही सांगणार नाही' असा शब्द देऊ नका, तो पाळता येणार नाही. 'ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन' म्हणा.

स्वतःला इजा करण्याबद्दल असेल तर मुलाला एकटं सोडू नका आणि सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. टिंगलीच्या प्रकरणात दोघांना एकाच वेळी समोरासमोर बसवून 'माफी माग, हात मिळवा' असला समेट घडवू नका. ज्याला त्रास झालाय त्याला त्या खोलीत नाही म्हणता येत नाही.

पालक

माझ्या मुलीची चिठ्ठी सापडली तेव्हा मला शाळेत बोलावलं. खोलीत चार शिक्षक होते, ती कोपऱ्यात उभी, आणि एकांनी मला ती चिठ्ठी वाचून दाखवली. एका मुलाला लिहिलेली होती. आक्षेपार्ह काही नव्हतं, 'तू परवा आला नाहीस तर करमलं नाही' इतपत. मला तेव्हा राग चिठ्ठीचा आला नाही. घरी आल्यावर ती मला म्हणाली, 'तुम्ही वाचली असती तर चाललं असतं, पण त्यांनी वाचून दाखवली.' त्यानंतर बरेच महिने शाळेचा विषय काढला की ती उठून जायची.

मराठी माध्यम, दहावी

पण मग पालकांना सांगायचंच नाही का? उद्या काही झालं तर 'तुम्हाला माहीत होतं' म्हणून आमच्याच गळ्यात येतं.

शालेय समुपदेशक

सर, धोका दिसला तर सांगायचंच. नुसतं करमलं नाही म्हणून नाही. आणि सांगण्याआधी मुलीला विचारा, 'घरी कळलं तर काय होईल?' काही घरांत त्या चार ओळींपायी मुलीची शाळा सुटते. मुलाला दोन शब्द ऐकवून सोडतात. हा फरक आपल्याला माहीत असून आपण दोन्ही घरी एकच निरोप पाठवतो. तिने सांगितलं की घरी मारतील, तर ती वेगळीच गोष्ट झाली आणि तीही वर म्हटल्याप्रमाणे पुढे कळवायची.

चित्रकला

सापडलेल्या चिठ्ठीत माझंच चित्र होतं. बऱ्यापैकी होतं. मी त्याच्या बाकाशी वाकून हळूच म्हटलं, 'नाक जमलंय, कान फार खाली गेलेत, बघून परत काढ.' पुढच्या तासाला कान वर गेले होते.

भूगोल, आठवी

माझ्या एका विद्यार्थ्याला बोलताना अडखळायला व्हायचं. तो सतत चिठ्ठ्या पाठवायचा आणि सतत सापडायचा, कारण लपवण्याची कलाच त्याच्याकडे नव्हती. एकदा त्याने स्वतःच कागद उलगडून पुढे केला. त्यात शेजारच्याला विचारलेलं, 'पाऊस डोंगराच्या एकाच बाजूला जास्त का पडतो?' म्हणजे मी दहा मिनिटं ज्यावर बोलत होतो तेच त्याला कळलं नव्हतं, आणि हात वर करून विचारण्यापेक्षा ओरडा खाणं त्याला सोपं वाटत होतं.

तेव्हापासून शेवटची पाच मिनिटं सगळ्यांनी एका चिटोऱ्यावर एक प्रश्न लिहून द्यायचा, नाव ऐच्छिक. सुरुवातीचे चिटोरे वाचण्यासारखे होते. प्रश्न कमी, माझं टोपणनाव जास्त. मी ते बाजूला ठेवून राहिलेल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा द्यायला लागलो. उत्तर खरंच मिळतं हे कळल्यावर टोपणनाव आपोआप मागे पडलं. त्या मुलाचा चिटोरा रोज असायचा, आणि पुढे पुढे अक्षर न लपवता, नावासकट. त्याचे प्रश्न इतके नेमके असायचे की धड्याची तयारी करताना 'हा काय विचारेल' हे मी आधी बघायचो.

कनिष्ठ महाविद्यालय, अर्थशास्त्र

तुम्ही अजून कागदात आहात हे भाग्यच. आमच्याकडे फोन असतो. फोन ताब्यात घेतला तरी तो उघडून संदेश वाचायचे नाहीत, हे मी पक्कं पाळतो. चिठ्ठीत दोन ओळी असतात, फोनमध्ये त्या पोराचं सगळं घर असतं.

आणि एक आपल्यासाठी. पकडलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून शिक्षकांच्या गटावर टाकायची एक वाईट खोड लागलीय. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्या गटात कुणाची तरी पुतणी त्याच वर्गात असते. वर्गात मोठ्याने न वाचणारेही हे बिनदिक्कत करतात.

निवृत्त, भाषा

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे वाचन थांबलं नाही, फक्त जागा बदलली.

नवीन शिक्षिका

सगळं वाचलं. माझा अडाणी प्रश्न: हात पुढे केला आणि मुलाने कागद दिलाच नाही तर? मुठीत धरून बसला, वर्ग बघतोय. काल असंच झालं.

धागाकर्ती

ओढाताण करायची नाही, त्यात आपणच हरतो. मी म्हणते, 'ठीक, तुझ्या दप्तरात ठेव, तास झाल्यावर मला भेट,' आणि पाठ वळवून पुढे चालू लागते. दप्तरात जाईपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. बहुतेक वेळा जाते.

गणित, सहावी-सातवी

आणि पाठ वळवल्यावर लगेच त्याच्या शेजाऱ्याला धड्यातला सोपा प्रश्न विचारा. वर्गाचे डोळे तिकडून हटले की मूठ आपोआप सैल होते. काल काय केलंत शेवटी?

नवीन शिक्षिका

काल तास संपल्याची घंटा झाली, म्हणून वाचले. उद्या त्याच वर्गावर पहिला तास आहे, तेव्हा दप्तराचं करून बघते.