मदत हवी आहे : क्लायंटच्या लॅनवर आणि हॉटेलच्या वाय-फायवर फिरणारे १८ लॅपटॉप

सीए फर्म आहे. १८ लॅपटॉप : १५ विंडोज ११ प्रो, ३ अजून विंडोज १० वर. डोमेन (सगळ्या मशीनना एकाच जागेवरून नियम लावणारी व्यवस्था) नाही, नुसता वर्कग्रुप, आणि यंदा तरी डोमेनला पैसे मिळणार नाहीत. आर्टिकल मंडळी (प्रशिक्षणार्थी) दिवसा क्लायंटच्या लॅनवर, रात्री घरच्या राउटरवर, बाहेरगावच्या ऑडिटला हॉटेलच्या वाय-फायवर असतात. ऑफिसचा फाइल सर्व्हर १९२.१६८.१.१० वर. वायरगार्ड (ऑफिसशी कूटबद्ध टनेल जोडणारं व्हीपीएन) बसवलंय, सगळा ट्रॅफिक टनेलमधून, किल-स्विच (टनेलबाहेरचा ट्रॅफिक अडवणारी सोय) चालू. कुणालाही ॲडमिन हक्क नाहीत.

अडचणी :
१. काहींना घरून सर्व्हर उघडतो, काहींना कधीच नाही.
२. हॉटेलचं लॉगिनचं पान येत नाही.
३. दोघांचं कनेक्शन आळीपाळीने तुटतं. एक जोडला की दुसरा पडतो.
४. क्लायंटकडे प्रिंट हवी म्हणून नेटवर्क 'प्रायव्हेट' (विश्वासाच्या नेटवर्कसाठीचं सैल सेटिंग; परक्या नेटवर्कला 'पब्लिक' हवं) करून ठेवतात आणि तसंच विसरतात.

आणखी काय बंद करायला हवं तेही सांगा.

प्रतिसाद १

क्रमांक ३ आधी, कारण तो सोपा आहे : एकच कॉन्फिग फाइल दोन लॅपटॉपवर टाकली आहे. किल्ली एक असली की सर्व्हरच्या लेखी तो एकच पीअर (टनेलच्या दुसऱ्या टोकाचं मशीन). शेवटचं पॅकेट जिथून आलं तिकडे तो उत्तरं पाठवतो, दुसरा कोरडा. प्रत्येक लॅपटॉपला वेगळी किल्ली आणि टनेलमधला वेगळा /३२ (म्हणजे एकच) पत्ता द्या. एक मशीन हरवलं तर तेवढाच पीअर काढता यायला हवा, तेव्हाही हेच कामी येतं.

क्रमांक १ : ज्यांच्या घरचा राउटर १९२.१६८.१.x वाटतो त्यांनाच सर्व्हर दिसत नसणार. जिओफायबरवाल्यांकडे सहसा १९२.१६८.२९.x असतं, म्हणून त्यांचं चालतं. लॅपटॉपला १९२.१६८.१.१० हा पत्ता घरातलाच वाटतो. घरच्या /२४ चा (२५६ पत्त्यांच्या पट्ट्याचा) मार्ग टनेलच्या ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) पेक्षा नेमका, म्हणून तोच जिंकतो. तात्पुरतं : वायरगार्डच्या अलाउड आयपीज (टनेलमधून जायच्या पत्त्यांची यादी) मध्ये १९२.१६८.१.१०/३२ ची भर घाला. कायमचं : एका रविवारी ऑफिसचं लॅन १०.७३.२०.०/२४ सारख्या आडवळणाच्या पट्ट्यात हलवा. १०.०.०.x आणि १९२.१६८.०.x टाळा, ते हॉटेलांतही सापडतात. प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी आणि टॅलीचा लायसन्स सर्व्हर यांचे हाताने दिलेले पत्ते आधी लिहून काढा, नाहीतर सोमवारी सकाळी फोन थांबणार नाहीत.

प्रतिसाद २

हॉटेलचं लॉगिन पान किल-स्विचच अडवतो, तो त्याचं काम करतोय. क्रम असा : टनेल बंद, वाय-फाय जोडा, ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस नसलेलं कुठलंही पान उघडा, खोली क्रमांक वगैरे भरा, टनेल चालू.

पण ॲडमिन हक्क नसताना टनेल बंद कसा करणार? त्यासाठी रजिस्ट्रीत एचकेएलएम → सॉफ्टवेअर → वायरगार्ड खाली 'लिमिटेड ऑपरेटर यूआय' (तिन्ही शब्द जोडून, मधे जागा नाही) हा डीवर्ड (संख्येची नोंद) १ करा आणि वापरकर्त्याला 'नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स' गटात घाला. त्याला फक्त चालू-बंद करता येतं, किल्ल्या दिसत नाहीत.

लॉगिन होऊनही जोडलं नाही तर वायरगार्डच्या खिडकीत 'ट्रान्सफर' बघा. पाठवलेले बाइट वाढताहेत आणि आलेले शून्यच, तर ते हॉटेल यूडीपी ५१८२० (वायरगार्डचा नेहमीचा पोर्ट) अडवतंय. सर्व्हर यूडीपी ४४३ वर ठेवला तर बऱ्याच ठिकाणी सुटतं. नाहीच तर मोबाइल हॉटस्पॉट. हॉटस्पॉटवर पिंग जातं पण फाइल कॉपी मधेच लटकते, अशी तक्रार आली तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १२८० करा.

प्रतिसाद ३

प्रिंटसाठी प्रायव्हेट करायची गरजच नाही. प्रिंट लॅपटॉपकडून बाहेर जाते, पब्लिकवरही जाते. अडतं ते प्रिंटर आपोआप सापडणं. प्रिंटर आयपी पत्ता देऊन जोडा. तेवढ्यापुरता टनेल मात्र बंद लागेल, किल-स्विच लोकल लॅनही तोडतो.

आता कुलपं. डोमेन नसलं तरी प्रो मध्ये लोकल पॉलिसी चालते :

– लोकल सिक्युरिटी पॉलिसी → नेटवर्क लिस्ट मॅनेजर पॉलिसीज → ऑल नेटवर्क्स : वापरकर्त्याला लोकेशन बदलता येणार नाही. अनआयडेंटिफाइड नेटवर्क्स : पब्लिक.
– फायरवॉलच्या पब्लिक प्रोफाइलवर येणारी सगळी कनेक्शन बंद, परवानगी दिलेल्या ॲपसकट.
– ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स → नेटवर्क → डीएनएस क्लायंट → 'टर्न ऑफ मल्टिकास्ट नेम रिझोल्यूशन' हे एनेबल्ड. नाव उलटं आहे, एनेबल केलं की ती सोय बंद होते. सर्व्हरचं नाव चुकीचं टाइप झालं की लॅपटॉप आख्ख्या वाय-फायला विचारतो, 'हा कोण?' कुणीही 'मीच' म्हणालं की तुमचा पासवर्ड-हॅश (पासवर्डचा सांकेतिक ठसा) त्याच्या हाती. नेटबायॉसही (नाव विचारायची जुनी पद्धत) त्याच कारणासाठी बंद : ॲडॉप्टर → आयपीव्ही४ → ॲडव्हान्स्ड → विन्स.
– बाहेर जाणारं टीसीपी ४४५ (विंडोज फाइल शेअरिंगचा पोर्ट) ब्लॉक.

धागाकर्ता

किल्ल्या वेगळ्या केल्या, क्रमांक ३ सुटला. लॅनही १०.७३.२०.० वर हलवलं, घरून सर्वांना सर्व्हर दिसतोय. पण ४४५ ब्लॉक केल्यावर टनेलमधूनही सर्व्हर बंद. सर्व्हरसाठी अलाऊ नियम टाकला, फरक नाही.

प्रतिसाद ३

विंडोज फायरवॉलमध्ये साधा अलाऊ नियम ब्लॉकवर मात करत नाही. शिवाय वायरगार्डचा ॲडॉप्टर स्वतः बहुधा अनआयडेंटिफाइड, म्हणजे पब्लिकच मोजला जातो. ब्लॉक नियमाच्या स्कोपमध्येच भोक ठेवा. रिमोट ॲड्रेसमध्ये दोन पट्टे : १.०.०.० ते १०.७३.१९.२५५ आणि १०.७३.२१.० ते २२३.२५५.२५५.२५५. अलाऊ नियम काढून टाका.

प्रतिसाद ४

नेटवर्कवर एवढी मेहनत आणि डिस्कबद्दल कुणी बोललंच नाही. लॅपटॉप रिक्षात राहिला तर वायरगार्डची किल्ली आणि क्लायंटचे ताळेबंद दोन्ही त्यातच असतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) टीपीएम (लॅपटॉपमधली किल्ली सांभाळणारी चिप) अधिक पिन असा लावा. नुसता टीपीएम असेल तर बटण दाबताच डिस्क आपोआप उघडते. झाकण मिटल्यावर स्लीप नको, हायबरनेट ठेवा, कारण स्लीपमध्ये किल्ली रॅममध्येच राहते. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून ऑफिसच्या तिजोरीत, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. बायॉस अपडेटआधी बिटलॉकर सस्पेंड करा, नाहीतर तोच ४८ अंकी आकडा फोनवर वाचून दाखवावा लागतो.

हरवल्याचा फोन आला की आधी सर्व्हरवरून पीअर काढा, मग फाइल सर्व्हर आणि मेलचे पासवर्ड बदला. माहिती फुटली असेल तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आहे. सर्व्हरचे लॉग १८० दिवस ठेवणंही त्यातच येतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ती तीन मशीन ११ वर जाईपर्यंत ऑफिसबाहेर देऊ नका.