निवृत्त पाणबुडी म्हणजे नुसते भंगार नव्हे

‘निवृत्त अणुपाणबुडीचा उपयोग भंगारापलीकडे नाही’ हे आपले विधान मला पटत नाही, कारण याउलट घडल्याची दोन ठळक उदाहरणे आहेत. अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अणुपाणबुडी जानेवारी २००५ मध्ये पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाच्या दक्षिणेस समुद्रातील पर्वतावर आदळून तिचे नाक चेपले, तेव्हा ब्रेमर्टनच्या गोदीत तिला निवृत्तीच्या वाटेवरील ‘होनोलुलू’चे नाक जोडण्यात आले. गंमत म्हणजे वयाने ‘होनोलुलू’च धाकटी होती, परंतु थोरलीच्या अणुभट्टीत नुकतेच नवे इंधन भरले गेले असल्याने तिलाच वाचवणे किफायतशीर ठरले.

फ्रान्सचे प्रकरण याहून कठीण होते. जून २०२० मध्ये तुलाँ येथे ‘पेर्ल’ दुरुस्तीला असताना आग लागली. पुढच्या भागातील पोलादाचा भरवसा उरला नाही, अणुभट्टी असलेला मागचा भाग मात्र शाबूत राहिला. मग शेरबूर्गमध्ये आदल्याच वर्षी निवृत्त झालेल्या ‘सफिर’ला मधोमध कापून तिचा पुढचा अर्धा भाग ‘पेर्ल’ला जोडला गेला. येथे दाब सहन करणारे मुख्य कवचच सांधायचे होते आणि शिवाय शेकडो केबली व नळ्या जुळवायच्या होत्या. त्या सांध्यापायी पाणबुडीची लांबी सुमारे १.४ मीटरने वाढली.

सुट्या भागांची खरी ओढाताण मात्र नव्या पाणबुड्यांतच दिसते. अमेरिकेच्या ‘व्हर्जिनिया’ वर्गात २०१३ नंतरच्या काही वर्षांतच १,६०० हून अधिक भाग एकीचे काढून दुसरीला बसवावे लागले, म्हणजे एकच काम दोनदा करावे लागले.