हेल्मेट, जीपीएस आणि फोन: रविवारच्या राइडआधी कोणीतरी सोडवा

प्रेषक: बंडू, सनीवेल
प्रति: मंडळाची यादी

मंडळी, नमस्कार.

रविवारी मोटरसायकलने स्कायलाइनच्या डोंगररस्त्याला तुमच्याबरोबर यायचं पक्कं आहे, पण त्याआधी एक घोळ निस्तरायचाय. माझ्याकडे आयफोन आहे, हँडलवर मोटरसायकलचा जीपीएस आहे आणि हेल्मेटात इंटरकॉम आहे. मागे बसणाऱ्या सौ.च्या हेल्मेटात दुसऱ्या कंपनीचा इंटरकॉम आहे, तो सेलमध्ये मिळाला म्हणून घेतला होता. एकेकटं सगळं छान चालतं. एकत्र आले की भांडतात.

कॉल आला की नाव जीपीएसवर दिसतं, रिंग हेल्मेटात वाजते, मी हेल्मेटचं बटण दाबतो आणि कानात शुकशुकाट. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करून ठेवून देतो. एकदा तर आवाज मनगटावरच्या घड्याळातून येत होता. कॉल संपला की नकाशावाली बाई मुकी होते, ती गाडी बंद करून चालू करेपर्यंत. आणि सौ.शी इंटरकॉम जोडला की जीपीएस हेल्मेटमधून साफ गायब.

रविवारी सकाळी नऊला पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. म्हणजे आईचा फोन येणारच. काय करू?

बंडू


प्रेषक: अण्णा, फ्रीमॉन्ट

बंडोपंत, सोपा उपाय सांगतो. हे तिन्ही विका आणि होंडाची गोल्डविंग मोटरसायकल घ्या. २०१८ पासून तिच्यात कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) आहे, मोटरसायकलमध्ये ते आलं ते पहिल्यांदा तिच्यातच. नकाशा, कॉल, गाणी सगळं डॅशवर. मात्र माझ्या गाडीत हेडसेट जोडल्याशिवाय कारप्ले उघडतच नाही, म्हणजे हेल्मेटची कटकट राहतेच. पण निदान भांडणारी माणसं तिनाची दोन होतात.

बाकी बापूंना विचारा. ते ह्या कामात पडलेले आहेत.

अण्णा


प्रेषक: माई, क्युपर्टिनो

अण्णा, गोल्डविंगच्या पैशात बंडूच्या मुलीचं कॉलेजचं एक वर्ष होईल.

आणि गाडीवर कॉल घ्यायचाच कशाला? हात मोकळे असले म्हणून लक्ष मोकळं असतं असं नाही. समोरच्याचं ऐकायचं, उत्तर जुळवायचं आणि त्याच डोक्याने वळणावरची खडी बघायची. माणूस बघतो, पण त्याला दिसत नाही. आमचे 'हे' बेसमेंटमध्ये उभ्या उभ्या फोनवर बोलले तरी जिन्याचा दिवा घालवायला विसरतात.

बंडू, आईंना सांगून ठेव की रविवारी साडेदहानंतर करा.

माई

ता. क. उकडीचे मोदक कोणाकोणाला हवेत? आकडा बुधवारपर्यंत कळवा.


प्रेषक: बापू, सॅन रॅमॉन

बंडू,

माईंचं म्हणणं मला पटतं, आणि तरीही उत्तर देतो. कारण न जुळलेला हेडसेट जास्त घातक. माणूस वळणावर बटणं चाचपत बसतो.

तू सांगितलेल्यातला एकही प्रकार बिघाड नाही. घोळ एवढाच, की कॉल कोणाच्या हातात द्यायचा हे तू ठरवलं नाहीस, म्हणून तिघं तो ओढतायत.

ब्लूटूथमध्ये कॉल आणि गाणी ह्यांच्या वाटा वेगळ्या. कॉलची वाट म्हणजे एचएफपी, गाण्यांची ए-टू-डीपी. फोन कॉलचा आवाज एका वेळी एकाच वाटेने पाठवतो. आता मोटरसायकलचा जीपीएस हा प्राणी दुतोंडी. फोनला तो सांगतो, 'मी हेडसेट आहे.' हेल्मेटला सांगतो, 'मी फोन आहे.' गार्मिनचे झूमो असेच चालतात. तू फोन जीपीएसलाही जोडलास आणि हेल्मेटलाही. मग कॉल आला की फोनसमोर हेडसेट उभे राहतात दोन, आणि घड्याळ तिसरं. नाव सगळीकडे झळकतं, आवाज एकीकडेच जातो. तू हेल्मेटचं बटण दाबतोस तेव्हा फोनने जीपीएसची वाट धरलेली असते, म्हणून कानात शुकशुकाट.

नकाशावाली मुकी होते त्याचं मूळही बहुतेक हेच. हेल्मेटच्या लेखी कॉल सगळ्यांच्या वर, इंटरकॉम त्याच्या खाली, गाणी तळाला. एकच कॉल दोन दारांनी आत आला आणि एकाच दाराने बाहेर पडला, तर हेल्मेट दुसऱ्या दाराशी ताटकळत बसतं आणि नकाशाला आत घेत नाही.

दोनच रस्ते आहेत. एक, फोन फक्त जीपीएसला जोडायचा आणि जीपीएस हेल्मेटला. हेल्मेटला फोन माहीतच नाही. कॉल स्क्रीनवर येतो, हातमोज्याच्या बोटाने घेता येतो, गाणीसुद्धा जीपीएसमधूनच जातात. जुने लोक असंच करायचे, कारण तेव्हाच्या हेल्मेटांना एकच फोन झेपायचा. पण आवाजाला दोन उड्या माराव्या लागतात, सिरी धड चालत नाही आणि जीपीएस बंद पडला तर कॉलही गेला.

दुसरा रस्ता मला पसंत. फोन हेल्मेटला पहिला फोन म्हणून. जीपीएस हेल्मेटला दुसरा फोन म्हणून किंवा जीपीएससाठीची वेगळी जागा असेल तर तिथे. सेना कंपनीच्या इंटरकॉमच्या मेनूत 'जीपीएस पेअरिंग' निराळं असतं, ते वापरलं की इंटरकॉम चालू असतानाही नकाशा बोलतो. कार्डो कंपनीच्या इंटरकॉमात फोनांच्या दोन वाहिन्या असतात, दुसरी जीपीएसला द्यायची. आणि मग फोन-जीपीएस ह्यांच्यात फक्त ट्रॅफिक-हवामानाची जोडणी ठेवायची. जीपीएसच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये तुझ्या फोनचं नाव उघड, तिथे 'फोन कॉल'ची खूण असेल ती काढ. ती जीपीएसवरच काढावी लागेल. अँड्रॉइडवर एकेका उपकरणापुढे 'कॉल' आणि 'मीडिया' अशा वेगळ्या कळा असतात, आयफोनवर ती सोय नाही.

करण्याआधी तिन्हीकडून तिघांना विसरायला लाव आणि हेल्मेट फॅक्टरी रीसेट कर. जुन्या जोडण्या तशाच ठेवून वर नवीन करणं म्हणजे घोळात घोळ. आधी हेल्मेट-फोन, तेव्हा जीपीएस बंद. मग हेल्मेट-जीपीएस, तेव्हा फोनचं ब्लूटूथ बंद. शेवटी फोन-जीपीएस. हे घरात सोफ्यावर करू नकोस. ड्राइव्हवेत कर, पण दारातली कार बंद असू दे. कार सुरू झाली की ती फोन पळवते आणि तुला वाटतं हेल्मेट बिघडलं. घड्याळावर कॉल उचलू नकोस. तिथे उचलला की आवाज तिथूनच येतो.

आता सौ.चा इंटरकॉम. मूळ गाठ तिथेच आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरकॉम जोडायला 'युनिव्हर्सल' पद्धत वापरतात. त्यात तुझ्या हेल्मेटला तिचं हेल्मेट फोन असल्याचं भासवलं जातं. म्हणजे दुसऱ्या फोनची जागा वहिनींनी घेतली आणि जीपीएस रस्त्यावर आला. मेशवाले (साखळीऐवजी जाळ्यासारखे जोडले जाणारे) इंटरकॉम घेतले तरी सेनाचं मेश आणि कार्डोचं मेश एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांची एकाच कंपनीची घ्या, हाच उपाय. तोवर रविवारी नकाशा किंवा वहिनी, यापैकी एक निवड. (कोणाला निवडायचं हे मी सांगणार नाही.)

गटात मेश असेल तर आणखी एक सोय. जुन्या ब्लूटूथ इंटरकॉमच्या साखळीत मधला मागे पडला की साखळी तुटते. मेशमध्ये ज्याला कॉल येतो तो तेवढा वेळ बाजूला होतो, बाकीच्यांचं चालू राहतं.

बापू


प्रेषक: मंडळाचे सचिव

विनंती: मोदकांच्या ऑर्डरी वेगळ्या विषयाखाली पाठवा. ह्या धाग्यावर मला 'माझे ११' आणि 'मेश की साखळी' असे दोन प्रकारचे मेल आले आहेत आणि कोणते कुठले ते कळत नाही.


प्रेषक: बंडू, सनीवेल

बापू, तुमच्या दुसऱ्या रस्त्याने गेलो. जीपीएसवरची 'फोन कॉल'ची खूण काढली आणि सगळं शांत झालं. सौ.ने नकाशाला मतदान केलं, कारण गेल्या वेळी मी न ऐकता गाडी थेट हाफ मून बेला नेली होती.

दोन शंका. आई व्हॉट्सअ‍ॅपवर करते, तो कॉल हेल्मेटवर घेता येईल का? आणि ६५ मैलांच्या वेगात माझं बोलणं पलीकडे नीट जात नाही. माझ्या कानात आवाज पुरेसा आहे, पण तासाभराने कान बधिर होतात.

बंडू


प्रेषक: बापू, सॅन रॅमॉन

बंडू,

व्हॉट्सअ‍ॅपचं उत्तर फोनवर अवलंबून आहे. आयफोनवर २०१६ सालच्या आयओएस १० पासून असे कॉल साध्या कॉलसारखे येतात, म्हणून हेल्मेटचं बटण चालतं. अँड्रॉइडवर फोनागणिक वेगळं दिसतं. कोणीतरी घरातून करून पाहा, मग निघा. सेनाच्या काही हेडसेटांत तोंडाने मोठ्याने काही बोललं की कॉल उचलला जातो, अशी सोय आहे. ती बंद कर. पुढच्या ट्रकवाल्याला घातलेली शिवी थेट आईच्या कानात जाईल.

बोलणं नीट जात नाही ते माइकमुळे. फुल-फेस हेल्मेटला तारेचा छोटा माइक असतो, तो हनुवटीच्या पट्टीवर आतून, ओठांच्या अगदी समोर लागला पाहिजे. दांडीवरचा (बूम) माइक असेल तर त्याची बरोबर बाजू तोंडाकडे आहे ना ते बघ. फोमची टोपी काढू नकोस. तिच्याशिवाय माइकला फक्त वारा ऐकू येतो. आणि स्पीकर कानाच्या भोकासमोर आहेत का ते बघ. एक इंच मागे गेले की माणूस आवाज वाढवत राहतो. हेल्मेटच्या कानाच्या खोबणीत मागे पातळ फोम देऊन स्पीकर पुढे आणता येतो.

कान बधिर होतात ते गंभीर आहे. त्या वेगात हेल्मेटातल्या वाऱ्याचाच आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित हद्द मानतात आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. हिशेब कर: १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. त्यावर तू स्पीकर आणखी मोठा करतोस. औषधांच्या दुकानातले फोमचे बोळे घाल. वारा कमी होतो आणि स्पीकरचं बोलणं उलट स्पष्ट येतं, पहिल्यांदा विश्वास बसत नाही. कॅलिफोर्नियात दोन्ही कानांत इअरबड घालून चालवणं वेहिकल कोड २७४०० प्रमाणे चालत नाही, पण आवाज अडवणाऱ्या बोळ्यांना त्यातून सूट आहे. भोंगा आणि सायरन ऐकू आला पाहिजे, एवढी अट. त्यामुळे एअरपॉड घालून 'मी इंटरकॉम लावलाय' असं पोलिसाला सांगू नकोस.

बापू


प्रेषक: अण्णा, फ्रीमॉन्ट

बापू, बोळ्यांचं एकदम बरोबर. पण मला एक सांगा, जीपीएस ठेवायचाच कशाला? फोन हँडलवर लावला की नकाशा आणि कॉल एकाच डब्यातून. सगळी भानगडच संपली.

अण्णा


प्रेषक: बापू, सॅन रॅमॉन

अण्णा, शहरात ठीक आहे. आमच्या इकडच्या, ट्राय-व्हॅलीच्या उन्हात नाही. ॲपल स्वतः ३५ अंश सेल्सियसपर्यंतच फोन वापरा म्हणतं. हँडलवर, उन्हात, नकाशा चालू ठेवून तो त्याच्या वर जातो आणि स्क्रीन काळपट करून घेतो. शिवाय सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनेच बजावलंय की मोठ्या मोटरसायकलींच्या कंपनांनी कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बिघडू शकतं. कंपन शोषणारा माउंट मिळतो, पण तो लावला तरी कॅमेऱ्याचा जीव धोक्यात घालायची मला हौस नाही.

आणि खरं कारण वेगळं आहे. पडल्यावर गाडी एकीकडे जाते, माणूस एकीकडे. फोन माणसाबरोबर हवा. वुडसाइडहून हायवे ८४ वर चढून स्कायलाइन ओलांडली की पुढे ला होंडाच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी सिग्नल नसतो. आयफोन १४ पासून उपग्रहावरून मदत मागता येते, पण फोन हातात असेल तर. म्हणून माझा फोन जॅकेटच्या छातीच्या खिशात, डाव्या बाजूला. हेल्मेटचं यंत्रही डावीकडेच असतं, मधे शरीर आडवं येत नाही. मागच्या खिशात ठेवला की आवाज तुटत राहतो, अंगातलं पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषतं.

बापू


प्रेषक: माई, क्युपर्टिनो

ठीक आहे, बापू, छातीच्या खिशाचं मला पटलं. पण बंडू, फोनवर ड्रायव्हिंग फोकस (गाडी चालवताना फोन गप्प ठेवणारी सोय) लाव. त्यात एक गोम आहे: हँड्सफ्री जोडलेलं असलं की तो कॉल नेहमीसारखे येऊ देतो. म्हणजे लोकांच्या मेसेजला 'गाडी चालवतोय' असं उत्तर जाईल, आईचा कॉल मात्र येईलच. तो घेतलास तर एवढंच बोल: 'आई, गाडीवर आहे, ॲलिस रेस्टॉरंटला पोचलो की करतो.' आणि ठेव. तेवढ्यात वळण चुकत नाही.

आणि सचिव, मोदकांच्या ऑर्डरी ६३ झाल्या. आता बंद.

माई


प्रेषक: बंडू, सनीवेल

माई, कबूल. आईला आजच सांगितलं. ती म्हणाली, 'मग मी साडेनऊला नाही, दहाला करते.' म्हणजे ८४ च्या वळणांवर.

रविवारी आठला वुडसाइडच्या पेट्रोल पंपावर. सगळ्यांनी हेल्मेट, जीपीएस, फोन जोडूनच या, पंपावर पेअरिंग करत बसलात तर निघायला उशीर होईल. बापू, माझ्या बाजूने एक अट: गटाचा मेश तुम्हीच लावून द्यायचा, आणि अण्णांची गोल्डविंग सगळ्यात मागे. तिचा स्टीरिओ माझ्या बोळ्यांतूनही ऐकू येतो.

बंडू