चाई समजून कांदा चोळला, निघाला डिस्कॉईड ल्युपस. केस परत येतील का?

फोंड्याची_सून:
नमस्कार, लांबलचक लिहितेय सांभाळून घ्या. वय ३४. मागच्या चवथीच्या आधी टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी झाली, सासूबाई म्हणाल्या चाई पडलीय, मग तीन महिने कांद्याचा रस चोळला, नुसती आग व्हायची. मग एका डॉक्टरांनी गजकर्णाचं मलम दिलं, तेही फुकट. आता दोन जागा झाल्यात, कडेला लाल-जांभळट, मधे पांढरी गुळगुळीत, कानातपण एक खपली. बायोप्सीत डिस्कॉईड ल्युपस आलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० दिलीय पण घरात म्हणतात ती मलेरियाची गोळी, डोळे जातात. घेऊ का? अबोलीची फाती माळली की जागा झाकते, पण आता पिन खोचायचीपण भीती वाटते.

डिचोलीवाली:
बाई गं, घे गोळी. मला २०१७ पासून हेच आहे. चाईत केसांची मुळं शाबूत असतात म्हणून केस परत येऊ शकतात, ह्यात आपलीच प्रतिकारशक्ती मुळावर उठते, मूळ मरतं आणि तिथे व्रण धरतो. त्या गुळगुळीत भागात केस येणार नाहीत, स्पष्टच सांगते, कारण मला कोणी सांगितलं नाही आणि मी दोन वर्षं तेलं चोळत आशेवर काढली. पण लाल कड आहे ना, तिथे आजार चालू आहे आणि तिथली मुळं अजून वाचवता येतात! माझ्या कडेला स्टेरॉईडची इंजेक्शनं दिली, बारीक सुईने, दुखतं, पण तिथे बोटभर केस आलेत. गोळीचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, मधेच सोडू नको. खपली नखाने काढू नको.

म्हापसेकर_७९:
मी डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला आहे. भीती खोटी नाही पण डोस वजनावर असतो, किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे ५० किलोला २५०, तुमची २०० त्यात बसते (दिवसाला एकच आहे ना?). सुरुवातीला पडदा तपासून घ्या आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, मग तपासणी लवकर लागते.

साखळीचो_पात्रांव:
ऊन टाळा, ह्या आजाराला उन्हानेच चेव येतो. पावसाळ्यात ढग आहेत म्हणून डोकं उघडं ठेवू नका, ढगातूनपण किरणं येतात, भांग जिथे पडतो तिथेपण सनस्क्रीन लावा. मी सिगरेट ओढायचो तेव्हा गोळी लागूच पडत नव्हती, डॉक्टरांनी बजावलं तेव्हा सोडली. एएनए (ल्युपससाठी करतात ती रक्ताची तपासणी) आणि लघवीची तपासणी झाली का? बहुतेकांचं कातडीवरच राहतं, पण सांधे धरले, ताप येत राहिला तर थांबू नका, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा.

फोंड्याची_सून:
सगळ्यांना देव बरें करूं. हो दिवसाला एकच, वजन ५३. एएनए निगेटिव्ह आहे, लघवीचं विचारते. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्या गप्पच झाल्या, मग जेवण झाल्यावर पाण्याचा पेला त्यांनीच आणून दिला. पहिली गोळी घेतली आत्ता. डिचोलीवाली ताई, इंजेक्शन किती दिवसांनी घ्यायचीस?