मदत हवी आहे: चालू व्हीएमला दिलेली २ जीबी रॅम परत निघत नाहीये, ३ ब्लॉक अडकलेत

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. कळमन्यातल्या काही संत्र्याच्या अडत्यांचं बिलिंग आम्ही सांभाळतो, एकच मशीन आहे आणि त्यावर केव्हीएमच्या (लिनक्समधली आभासी मशीन चालवायची सोय) पाच व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. आंबिया बहाराचा माल यायला लागला की सकाळी लिलावाच्या वेळेला बिलिंगच्या व्हीएमला रॅम कमी पडते, आणि रात्री तीच रॅम बॅकअपच्या व्हीएमला पाहिजे असते, म्हणून म्हटलं व्हीएम बंद न करता सकाळी २ जीबी घालू न रात्री काढून घेऊ.

घालायला काहीच त्रास नाही. क्यूइमूला (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) सुरुवातीलाच स्लॉट आणि मॅक्समेम (नंतर रॅम जोडायच्या जागा आणि कमाल मर्यादा) देऊन ठेवलं होतं, डीआयएमएम (रॅमची आभासी पट्टी) जोडली, गेस्टमध्ये (व्हीएमच्या आतल्या लिनक्समध्ये) लगेच ६ जीबी दिसायला लागली. ब्लॉक (रॅम ज्या तुकड्यांनी जोडली-काढली जाते तो तुकडा) साइज ८०००००० दाखवते, ते हेक्समध्ये आहे, म्हणजे १२८ एमबी, म्हणजे २ जीबीचे १६ ब्लॉक, ४८ ते ६३ नंबरचे.

अडचण काढताना आहे. एकेक ब्लॉकच्या स्टेट फाइलमध्ये ऑफलाइन लिहून पाहिलं तर १३ निघाले, पण ५३, ५७ आणि ६१ ला दरवेळी 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' येऊन राहिलं. ड्रॉप कॅशेस करून (कर्नलनं साठवलेली कॅश रिकामी करून) पाहिलं, मग ५७ निघाला, बाकीचे दोन तसेच. तीन रात्री झाल्या, रोज कुठला ना कुठला ब्लॉक अडकतेच, नंबर फक्त बदलतात. आणि एक जरी राहिला तरी अख्खी डीआयएमएम निघत नाही.

मला खरं कळत नाहीये ते हे, की फ्री मेमरी १ जीबीच्या वर दिसते, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या ब्लॉकमधली पानं (रॅमचे ४ केबीचे तुकडे) दुसरीकडे का हलवत नाही? जुन्या ४ जीबीत जागा असताना नव्या रॅममध्ये जाऊन बसायचं काय कारण? कोणी नीट समजावून सांगाल का, नुसती कमांड नको, कारण पाहिजे. उद्या पुन्हा कुठं अडलं तर मलाच निस्तरायचं आहे.

प्रतिसाद:

भाऊ, आधी त्या ब्लॉकची व्हॅलिड झोन्स फाइल पाहा, तिथं नॉर्मल दिसेल. सगळं त्यातच आहे. रॅम आल्याबरोबर ती आपोआप ऑनलाइन होऊन नॉर्मल झोनमध्ये (झोन म्हणजे कर्नलनं पाडलेला रॅमचा विभाग) गेली, आणि नॉर्मलमधून पानं देताना बडी अलोकेटर (कर्नलचा पानं वाटणारा भाग) ही जुनी ही नवी असं पाहत नाही, फ्री लिस्टमध्ये जे हाताला लागेल ते देतो. प्रोग्रामची पानं आणि फाइलची कॅश हलवता येते, कारण मागचं पेज टेबल (कुठलं पान कुठं आहे त्याची नोंद) किंवा मॅपिंग बदललं की झालं. पण स्लॅबमधली (कर्नल स्वतःच्या छोट्या नोंदी ठेवतो ती जागा) वस्तू हलवायची तर तिचा पत्ता कर्नलमध्ये कुठंकुठं पॉइंटर म्हणून ठेवलाय ते शोधायला काही मार्गच नाही. पेज टेबलांची पानंही तशीच. १२८ एमबीच्या ब्लॉकमध्ये ४ केबीची ३२७६८ पानं असतात, त्यातलं एकच असं असलं तरी ब्लॉक अडकतो. ड्रॉप कॅशेसनं ५७ सुटला म्हणजे तिथं बहुतेक डेंट्री-आयनोड (फाइलींची नावं आणि माहिती यांच्या कॅशमधल्या नोंदी) होते, ते सोडून देता येतात.

उपाय आधीच करावा लागतो. ऑटो ऑनलाइन ब्लॉक्समध्ये ऑनलाइन मूव्हेबल लिहा, किंवा बूटच्या ओळीत मेमएचपी डिफॉल्ट स्टेटला तीच किंमत द्या. मग नवी रॅम मूव्हेबल झोनमध्ये जाते आणि कर्नल स्वतःची पानं तिथं ठेवतच नाही. काही डिस्ट्रोत यूडेवचा (नवं हार्डवेअर आलं की काय करायचं ते ठरवणारी सेवा) नियमही रॅम ऑनलाइन करतो, तोही तपासा. आता अडकलेले दोन मात्र रीबूटशिवाय सुटतील असं वाटत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. दर पानामागे ६४ बाइटचं स्ट्रक्ट पेज (कर्नलची त्या पानाची नोंद) लागतं, म्हणजे २ जीबीला ३२ एमबी, आणि ते साधारणपणे जुन्या रॅममधून जातं, म्हणून व्हीएमचा जीव पार घशाशी येईपर्यंत थांबू नका. आणि मूव्हेबल फार वाढवू नका, नॉर्मल संपला तर मूव्हेबल रिकामा असूनही ओओएम (मेमरी संपल्याची चूक) येतो. तुमचं ४ ला २ आहे, चालेल. अर्धवट रॅम निघाली तरी चालणार असेल तर व्हर्चिओ-मेम (व्हीएमची रॅम छोट्या तुकड्यांनी कमीजास्त करणारं आभासी उपकरण) पाहा, ५.८ कर्नलपासून आहे, तो डीआयएमएमसारखा सगळं किंवा काहीच नाही असा अडून बसत नाही.

धागाकर्ता:

खूप आभार दादा, पॉइंटरचं सांगितल्यावर एकदम उलगडलं. रविवारी कळमना बंद असताना रीबूट केलं, मूव्हेबल लावलं, काल रात्री १६ चे १६ निघाले आणि डीआयएमएमही सुटली. फक्त एका ब्लॉकला कमांड बराच वेळ तशीच बसून राहिली, बिझी पण म्हणेना, डेटाबेसचा डंप संपला तसा तो आपोआप निघाला. असं कोणी पान धरून ठेवलं तर कर्नल थांबून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो का? स्क्रिप्टमध्ये टाइमआउट लावून ती कमांड मध्येच तोडली तर तो ब्लॉक पुन्हा नीट ऑनलाइन राहतो ना, तेवढं सांगा.