मदत हवी आहे: रतनगड ते हरिश्चंद्रगड ट्रेकसाठी जेवणाची हलकी भांडी आणि चमचे

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात रतनवाडी, रतनगड, कात्राबाई खिंड, पाचनई, हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा ट्रेक ठरला आहे. आम्ही चौघं, सामान पाठीवर. सकाळी पोहे किंवा उपमा, एका रात्री मुगाची खिचडी, एका रात्री पिठलं (भाकऱ्या गावातून घेऊ), शिवाय चहा आणि सूप. शेगडी गॅसच्या डबीवर थेट बसणारी, डब्या २३० ग्रॅमच्या.

घरातली भांडी काट्यावर ठेवून बघितली. ताट ३०० ग्रॅम, वाटी ७०, पेला ९०, चमचा ३५. चौघांचं मिळून १९८० ग्रॅम, म्हणजे दोन किलो झाले आणि यात पातेलं धरलेलंच नाही.

१. टायटॅनियमचा स्पॉर्क (चमच्यालाच काट्याचे दात असलेला) घ्यावा का?
२. ताटाऐवजी काय? सिलिकॉनचे घडीचे वाडगे कसे असतात?
३. खिचडीसाठी पातेलं कोणतं आणि किती मोठं?

चौघांचं मिळून दोन हजारांत बसवायचं आहे.

कातळकडा

तुमचे आकडे आहेत म्हणून बरं झालं, उत्तर त्यातच आहे. ताटं १२०० ग्रॅम, वाट्या २८०, पेले ३६०, चमचे १४०. चारही चमचे टायटॅनियमचे (साधारण १८ ग्रॅम) घेतलेत तर वाचतात ६८ ग्रॅम, आणि बजेटचा मोठा भाग तिथेच जातो. ताटं आणि वाट्या घरी ठेवून प्रत्येकी एक प्लास्टिकचा हलका डबा घेतलात तर एका फटक्यात जवळजवळ १४०० ग्रॅम कमी होतात. म्हणून आधी ताट काढा, चमच्याचं नंतर बघू.

तुमच्या जेवणात ताट लागतंय कुठे? पोहे, उपमा, खिचडी, सूप हे सगळं वाडग्यातलं. पिठलं भाकरीवरच वाढून घ्यायचं, भाकरी हातावर. माणशी एक वाडगा, एक मग, एक चमचा. बास.

वाडगा म्हणून अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा उत्तम. वजन जेमतेम २५ ग्रॅम, झाकण घट्ट, जाताना त्यातच पोहे किंवा डाळ भरून नेता येते. सिलिकॉनचा घडीचा वाडगा चपटा होतो खरा, पण वजनाला बहुतेक वेळा शंभरी ओलांडतो. गरम खिचडी भरून एका हाताने कडेला धरला की कड आत दबते आणि सगळं मांडीवर. बसायला सपाट जागा नसते तिथे हे नको.

घाटमाथा

चमच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण स्पॉर्क बघून बरेच जण भुलतात.

स्पॉर्कचे दात म्हणजे चमच्याच्या खोलगटातून कापून काढलेला भाग, त्यामुळे सूप आणि पातळ खिचडी दातांमधून गळते. आपल्या जेवणात काट्याचं काम फक्त मॅगीला, आणि ते चमच्यानेही होतं. दात टोकदार असतील तर पातेल्याचं नॉनस्टिक कोटिंग खरवडलं जातं ते वेगळंच. साधा खोलगट चमचा घ्या.

घडीचा चमचा टाळा. बिजागरीच्या फटीत शीत आणि डाळीचा गाळ शिरतो. थंड झाला की तिथेच वाळून घट्ट बसतो आणि गडावरच्या थोड्या पाण्यात निघत नाही. दुसऱ्या दिवशी वास. शिवाय घट्ट खिचडी ढवळताना बिजागरी मिटते.

प्लास्टिकचा स्पॉर्क १० ग्रॅमच्या आसपास असतो, पण मोडतो नेमका मानेत, जिथे तो सर्वांत अरुंद असतो. आधी तिथे पांढरट रेघ दिसायला लागते. रेघ दिसली की तो ट्रेकला नेऊ नका.

अॅल्युमिनियमचा हलका आणि स्वस्त, पण वाकतो आणि चिंच-आमसुलाच्या पदार्थात तोंडाला धातूची चव येते. लाकडीही हलका, फक्त हळद पितो आणि नीट वाळवला नाही तर बुरसतो.

टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचं (घनता ४.५, स्टीलची ८ च्या आसपास), गंजत नाही, चव देत नाही. घेणारच असाल तर दोन गोष्टी बघा. खोलगट भाग गुळगुळीत पॉलिशचा हवा, खरखरीत फिनिश ओठांना टोचतं. लांब दांड्याचा (२१-२२ सें.मी.) फक्त पाकिटातून थेट खाणार असाल तरच घ्या, म्हणजे बोटं माखत नाहीत. तुम्ही वाडग्यात वाढणार, त्यामुळे गरज नाही.

माझं मत: या ट्रेकला घरचेच चमचे न्या, त्यातल्या त्यात पातळ पत्र्याचे निवडून. कोणताही चमचा असो, दांड्याला लाल करदोड्याचा तुकडा बांधा. राखाडी चमचा वाळल्या गवतात पडला तर अंधारात सापडत नाही.

सांडशी

पातेल्याचं मी सांगते.

चौघांना ३०० ग्रॅम तांदूळ आणि सव्वाशे ग्रॅम मूगडाळ पुरते. त्याला दीड ते पावणेदोन लिटर पाणी. शिजून जवळपास दोन लिटर होतं, आणि मुगाला फेस चढतो. दोन लिटरचं भांडं घेतलंत तर उतू जाऊन बर्नर विझणार. तीन लिटरचं घ्या.

धातू: जर्मनचं (म्हणजे अॅल्युमिनियमचं) साधं पातेलं. अॅल्युमिनियम उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं. टायटॅनियमची ही क्षमता त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी, म्हणून बर्नरची ज्योत लागते तेवढ्याच गोलात खिचडी करपते आणि कडेचे तांदूळ कच्चे राहतात. टायटॅनियमचं भांडं पाणी उकळण्यासाठी, शिजवण्यासाठी नाही. जर्मनच्या भांड्यात आमसूल, चिंच, टोमॅटोचा पदार्थ रात्रभर ठेवू नका, आंबटाने धातू उतरतो. शिजवून लगेच वाढलं तर अडचण नाही.

पातेलं काठाचं घ्या म्हणजे सांडशीची पकड सुटत नाही. झाकण सपाट. २३० ग्रॅमची डबी ११ सें.मी. रुंद असते, ती आणि श्रीखंडाचे डबे पातेल्याच्या पोटातच बसवा.

एक काळजी घ्याच. डबीवर बसणाऱ्या शेगडीवर रुंद पातेलं डोक्याकडे जड होतं. ढवळताना दुसऱ्याने सांडशीने धरून ठेवायचं. वाऱ्याला आडोसा म्हणून दगड लावाल तर एकाच बाजूला लावा. चारी बाजूंनी बंद केलं तर पातेल्याखालची उष्णता डबीवर येते. अधूनमधून डबीला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल इतकी तापली तर ताबडतोब गॅस बंद.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताटं रद्द. दोन शंका उरल्या: श्रीखंडाच्या डब्यात उकळतं सूप चालेल का? आणि पेल्यांऐवजी घरचे दुहेरी भिंतीचे स्टीलचे मग आहेत, ते नेऊ का?

कातळकडा

डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, तो वाचा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात गरम खिचडी, सूप चालतं. १ आकड्याचं प्लास्टिक गरम पदार्थाने मऊ पडून वेडंवाकडं होतं. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात गरम काही घालू नका. आकडाच नसेल तर तो डबा कोरड्या सामानाला ठेवा. ५ आकड्याचाही डबा पातळ असतो, म्हणून उकळतं सूप दोन मिनिटं थांबून ओता आणि डबा तळहातावर न घेता रुमालावर धरा. हळदीचा पिवळा डाग जाणार नाही, त्याने काही बिघडत नाही.

दुहेरी भिंतीचा मग चहा गरम ठेवतो, पण वजन जवळपास दुप्पट आणि तो शेगडीवर कधीही ठेवायचा नाही. दोन भिंतींमधली हवा बंद असते, तापली की फुगून सांधा फुटतो. तुमचे ९० ग्रॅमचे पेले त्यापेक्षा चांगले. काठ ओठाला भाजतो, म्हणून चहा पाऊण पेलाच भरा. असं धरलं तर डबे १००, पेले ३६०, चमचे १४०, एकूण ६०० ग्रॅम.

रानमेवा

पत्रावळीचा पर्याय कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहिते. पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ हलकी असते, पण पातळ खिचडी टाक्यांमधून झिरपते आणि पिशवीत दाबली गेली की पानं चिरतात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कागदी पत्रावळींना आतून चंदेरी किंवा प्लास्टिकचा थर असतो. तो कुजत नाही, गडावर वर्षानुवर्षं पडून राहतो. एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे चमचे-ताटल्या तर राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदच आहेत. त्यामुळे डब्याचं ठरवलंत ते योग्यच.

आता धुण्याचं. हरिश्चंद्रगडावरची खोदलेली टाकी आणि पुष्करणी यांत भांडी बुडवू नका, साबण तर नकोच. त्यातल्या काही टाक्यांचं पाणी लोक पितात. बाटलीत पाणी घ्या आणि टाक्यापासून ७०-८० पावलं लांब जा. जेवण संपताच, शीत वाळायच्या आत, भाकरीच्या तुकड्याने डबा पुसून तो तुकडा खाऊन टाका. मग अर्धा पेला गरम पाणी घालून चमच्याने कडा खरवडा आणि ते पाणी पिऊन टाका. राहिलं तेल तर नारळाच्या काथ्याने चिमूटभर राखेबरोबर निघतं, राख घरूनच पुडीत न्या. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे राखेसाठी चूल पेटवायची नाही.

पातेल्याला खिचडी लागली असेल तर रात्री त्यात दोन पेले पाणी घालून झाकण ठेवा आणि झाकणावर जड दगड, नाहीतर माकडं किंवा कुत्री उलटं करतात. सकाळी लागलेलं सगळं चमच्याने सुटून येतं.

पाऊलवाट

डबे तपासले. तीन ५ आकड्याचे निघाले, चौथ्यावर आकडाच नाही, तो डाळीला ठेवला. पातेलं उद्या भांडीबाजारातून आणतो, तीन लिटरचं, काठाचं. पातळ पत्र्याचे चमचे घरात २२ ग्रॅमचे सापडले.